मैदानाची किल्ली



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो ते सर आयुष्यभर शाळेत खेळ शिकवत राहिले. म्हणून यंदाचा विषय खेळाशी जवळचा असावा, अशी व्याख्यानमालेच्या विश्वस्तांची इच्छा होती. मी विषय घेतला आहे खेळाडूंनी उभारलेल्या सेवाभावी संस्थांचा. नाव झालेला, पैसा मिळवलेला खेळाडू गावासाठी, मुलांसाठी काहीतरी करू पाहतो, तेव्हा तो नेमकं काय करत असतो आणि त्यातलं टिकतं काय, हा माझा प्रश्न आहे. उत्तर शोधण्यासाठी मी एकाच माणसाचं उदाहरण घेणार आहे. अमेरिकेचा टेनिसपटू आर्थर ॲश.

९ सप्टेंबर १९६८. न्यूयॉर्कमधल्या फॉरेस्ट हिल्स इथे अमेरिकन ओपन स्पर्धेचा अंतिम सामना झाला. व्यावसायिक खेळाडूंना खुली झालेली ही पहिलीच अमेरिकन स्पर्धा. ॲशने हॉलंडच्या टॉम ओकरला पाच सेटमध्ये हरवलं. पहिलाच सेट १४-१२ असा लांबला होता. त्या काळी टायब्रेकर नव्हता. विजेत्यासाठी बक्षीस होतं १४,००० डॉलर, आणि ते मिळालं हरलेल्या ओकरला. ॲश तेव्हा अमेरिकन सैन्यात लेफ्टनंट होता आणि देशाकडून डेव्हिस कप खेळता यावा म्हणून त्याने हौशी खेळाडूचा दर्जा सोडला नव्हता. त्याला रोजचा भत्ता मिळाला, २० डॉलर. बक्षीस समारंभात त्याच्या शेजारी त्याचे वडील उभे होते. ग्रँड स्लॅम स्पर्धेत पुरुष एकेरी जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

आणि दुसऱ्याच वर्षी, १९६९ मध्ये, त्याने दोघांना सोबत घेऊन गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी टेनिसची एक चळवळ सुरू केली. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. निवृत्ती जवळ आल्यावर, हाताशी वेळ आणि पैसा असताना लोक अशा कामाकडे वळतात. ॲशचं खेळाडू म्हणून सर्वोत्तम वर्ष अजून यायचं होतं. जिमी कॉनर्सला हरवून त्याने विम्बल्डन जिंकलं ते १९७५ साली. मग इतकी घाई कशाची होती? त्यासाठी त्याच्या बालपणाकडे जावं लागतं.

व्हर्जिनिया राज्यातलं रिचमंड. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांची राजधानी. १० जुलै १९४३ रोजी ॲशचा जन्म इथे झाला, तेव्हा बाग, बस, शाळा, पाण्याचा नळ, सगळ्याची रंगावरून वाटणी झालेली होती. कृष्णवर्णीयांसाठी जे क्रीडांगण होतं त्याचं नाव ब्रूक फील्ड. अठरा एकर जागा, पोहण्याचा तलाव, बेसबॉलची मैदानं, चार टेनिस कोर्ट. ॲशचे वडील या क्रीडांगणाचे रखवालदार आणि व्यवस्थापक होते. नगरपालिकेने त्यांना राहायला जे घर दिलं ते मैदानातच होतं. घराचं दार उघडलं की टेनिस कोर्ट समोर.

ही गोष्ट सगळ्या चरित्रांत येते आणि वाचणारा ती सुंदर योगायोग म्हणून वाचून पुढे जातो. मला तिथे थांबावंसं वाटतं. त्या शहरात हजारो कृष्णवर्णीय मुलं होती. त्यांच्यापैकी एकाच घरात मैदानाची किल्ली होती. बाकीच्या मुलांना मैदान उघडण्याची वाट पाहावी लागे, या मुलाला नाही. सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली. एकटा, अंगाने काटकुळा, पुस्तकांत रमणारा हा मुलगा कोर्टाच्या कडेला बसून खेळ बघायचा. व्हर्जिनिया युनियन विद्यापीठात शिकणारा रॉन चॅरिटी नावाचा तरुण तिथे सराव करायचा. त्याने एके दिवशी विचारलं, शिकायचंय का? तिथून सुरुवात झाली.

वडील कडक होते. शाळा ते घर चालायला किती वेळ लागतो हे त्यांनी एकदा मुलासोबत चालून मोजलं. बारा मिनिटं. मुलाने रोज तेवढ्या वेळात घरी यायचं. मोठा झाल्यावरही हा नियम सुटला नाही. आज आपल्याला हे जाचक वाटेल. पण ज्या शहरात कृष्णवर्णीय मुलगा चुकीच्या रस्त्यावर चुकीच्या वेळी दिसला तर काय होऊ शकतं हे बापाला ठाऊक होतं, तिथे त्या बारा मिनिटांमागे भीती होती आणि मायाही होती.

बायर्ड पार्क नावाच्या सार्वजनिक बागेत चांगली टेनिस कोर्ट होती, पण ती गोऱ्यांसाठी. ज्या शहराने पुढे त्याच्या नावाचा रस्ता केला, त्याच शहरात त्याला कोर्टावर उतरता येत नव्हतं.

आता मी ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, त्याच्यावर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल. डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन. लिंचबर्ग गावचे डॉक्टर. तरुणपणी अमेरिकन फुटबॉलमध्ये इतके चपळ की लोक त्यांना ‘वावटळ’ म्हणायचे. त्यांनी घराच्या आवारात टेनिस कोर्ट बांधलं आणि दर उन्हाळ्यात देशभरातली कृष्णवर्णीय मुलं स्वतःच्या घरी राहायला आणली. खाणंपिणं, चेंडू, रॅकेट, स्पर्धांसाठी गाडीने प्रवास, बराचसा खर्च डॉक्टरांच्या खिशातून. कृष्णवर्णीय खेळाडूंना गोऱ्यांच्या क्लबांत प्रवेश नव्हता, म्हणून या खेळाडूंनी १९१६ साली आपली वेगळी संघटना स्थापन केली होती, अमेरिकन टेनिस असोसिएशन. तिच्या मुलांसाठीच्या कार्यक्रमाचा सगळा भार या एका घरावर होता. अल्थिया गिब्सन इथेच उन्हाळे काढून तयार झाली. पुढे १९५७ आणि १९५८ अशी सलग दोन वर्षं तिने विम्बल्डन जिंकलं.

ॲश दहा वर्षांचा असताना, १९५३ साली, चॅरिटीने त्याला या घरी पाठवलं. तिथे टेनिससोबत बागेतलं तण काढणं, झुडपं कातरणं, कुत्र्याचं घर साफ करणं हेही मुलांनीच करायचं. पहिल्याच दिवसांत ॲशने हट्ट धरला की मला चॅरिटींनी शिकवलंय तसंच मी खेळणार. डॉक्टरांनी त्याच्या वडिलांना फोन केला. वडील गाडी घेऊन लिंचबर्गला आले आणि मुलापुढे दोनच पर्याय ठेवले: डॉक्टर सांगतील ते ऐक, नाहीतर चल घरी. मुलगा राहिला.

डॉक्टरांचा एक नियम मला अस्वस्थ करतो. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेच्या एक-दोन इंच बाहेर पडला तरी तो आत पडला असं समजून परतवायचा. पंचाशी वाद घालायचा नाही. बाजू बदलताना चेंडू गोळा करून प्रतिस्पर्ध्याच्या हातात द्यायचे. उद्देश स्पष्ट होता: गोऱ्यांच्या स्पर्धेत या मुलांवर फसवणुकीचा आळ घेण्याची संधीच कुणाला मिळू नये. ॲशचा तो प्रसिद्ध शांतपणा, कधीही न चढणारा आवाज, इथे घडला. जगाने त्याचं कौतुक केलं. मलाही तो आवडतो. पण दहा वर्षांच्या मुलाने खरं असूनही दोन इंच सोडून द्यायला शिकावं, ही त्या समाजाने मुलांकडून वसूल केलेली किंमत होती. डॉक्टरांना दोष द्यायला मी धजणार नाही. त्यांनी मुलांना आत शिरण्याची वाट करून दिली. दारावर पहारा कुणाचा होता, हे मात्र आपण विसरू नये.

शेवटच्या शालेय वर्षासाठी ॲशला रिचमंड सोडून सेंट लुईसला जावं लागलं. तिथे रिचर्ड हडलिन नावाच्या शिक्षकाच्या घरी राहून तो शिकला आणि खेळला. मग लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाची शिष्यवृत्ती, १९६६ मध्ये पदवी.

थोडक्यात, ॲश घडला तो चार माणसांमुळे: मैदानात राहणारे वडील, रिकाम्या वेळात शिकवणारा एक विद्यार्थी, एक डॉक्टर आणि एक शिक्षक. चौघांनाही त्या कामाचा पगार नव्हता. वडिलांची नोकरी रखवालीची होती, मुलगा घडवण्याची नव्हती. यातला एक दुवा निसटला असता तर आज आपण हे नाव ऐकलं नसतं. माझ्या समजुतीप्रमाणे ॲशच्या पुढच्या सगळ्या संस्थात्मक कामाचं मूळ इथे आहे. स्वतःला जे नशिबाने मिळालं, ते इतर मुलांना नशीब नसतानाही मिळावं, म्हणून तो धडपडत राहिला.

१९६९ च्या त्या चळवळीचं नाव नॅशनल ज्युनियर टेनिस लीग. सोबतचे दोघे म्हणजे विद्यापीठातला मित्र, पोर्तो रिकोचा चार्ली पासारेल, आणि उद्योजक शेरिडन स्नायडर. टेनिस तेव्हा क्लबांचा खेळ होता. सदस्यत्वाची वर्गणी, पांढरे कपडे, खासगी प्रशिक्षक. यांनी तो सार्वजनिक बागांत आणि शाळांच्या डांबरी आवारांत आणला. मुलांना संघांत विभागलं, म्हणजे नवशिक्यालाही आपण कुणाचे तरी आहोत असं वाटावं. महिनोन्‌महिने नुसता घोटून सराव करून घेण्यापेक्षा लवकरात लवकर खेळायला उतरवायचं, असा त्यांचा भर होता.

टेनिस हे निमित्त, ही गोष्ट ॲशने कधी लपवली नाही. खेळाच्या ओढीने मूल येतं, टिकतं. मग त्याच्याशी टेनिसहून महत्त्वाच्या गोष्टींबद्दल बोलता येतं. अभ्यास, आरोग्य, वागणूक, पुढे काय करायचं. पुढे ही लीग अमेरिकेच्या टेनिस संघटनेच्या छत्राखाली गेली. आजही तिच्या अडीचशेच्या आसपास स्थानिक शाखा चालतात आणि नावातल्या ‘लीग’च्या जागी आता ‘लर्निंग’, म्हणजे शिक्षण, हा शब्द आला आहे. मुलांसाठी ॲशच्या नावाने निबंध स्पर्धा होते.

इथे एक बारीक गोष्ट दाखवतो. या लीगला ॲशने आपलं नाव दिलं नव्हतं. प्रत्येक शहरात ती तिथल्या लोकांनी चालवली, तिथल्या बागेत, तिथल्या स्वयंसेवकांच्या बळावर. खेळाडूच्या नावावर उभी राहिलेली संस्था त्याच्या प्रसिद्धीइतकीच जगते, हा धोका नेहमीचा आहे. खेळाडू निवृत्त झाला, प्रायोजक दुसऱ्याकडे गेले, की मुलं पुन्हा रस्त्यावर. लीग टिकली कारण ती कुणा एकाची नव्हती. ॲशची दूरदृष्टी मला विम्बल्डनपेक्षा इथे जास्त दिसते.

आता त्याच्या विचारातल्या सर्वांत अवघड भागाकडे येतो.

६ फेब्रुवारी १९७७ रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये ॲशने कृष्णवर्णीय पालकांना एक खुलं पत्र लिहिलं. आशय असा: मुलांना ग्रंथालयात पाठवा. व्यावसायिक खेळाडू होण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी आहे आणि आपण मात्र हजारही मुलांना तेच स्वप्न विकतो आहोत. घरात कौतुक कशाचं होतं, आदर्श म्हणून कोण दाखवलं जातं, याचा हिशेब त्याने मांडला. मैदानावर एक तास घालवला तर ग्रंथालयात दोन तास घालवा, असं सुचवलं. आणि एक सूचना अशी केली की वाचताना मी थबकलो. शाळेत भाषणाला नामवंत खेळाडू बोलावण्यापेक्षा, ज्याला कायम राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसावं लागलं त्याला बोलवा, जो शाळेत चमकला आणि पुढे जाऊ शकला नाही त्याला बोलवा. त्याला विचारा, तुझं शिक्षण पूर्ण झालं का? उद्या पाय मोडला तर काय करशील? तुझ्याबरोबर खेळणारे मित्र आज कुठे आहेत?

हे लिहिणारा माणूस दोन वर्षांपूर्वीचा विम्बल्डन विजेता होता. आपल्याच यशाची झळाळी मुलांसाठी घातक ठरू शकते, हे विजेत्याने सांगायला मोठं धैर्य लागतं. आणि हे फक्त अमेरिकेचं दुखणं नाही, हे इथे बसलेल्या प्रत्येक पालकाला कळतं.

या भूमिकेची त्याला किंमतही मोजावी लागली. विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेने १९८३ मध्ये नियम केला की क्रीडा शिष्यवृत्तीवर आलेल्या मुलाने ठरावीक शैक्षणिक गुण मिळवलेले असले पाहिजेत, तरच पहिल्या वर्षी त्याला खेळता येईल. जानेवारी १९८९ मध्ये तो आणखी कडक करून अशा मुलाची शिष्यवृत्तीच रोखायचं ठरलं, तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्पसन निषेध म्हणून सामन्याच्या सुरुवातीला मैदान सोडून निघून गेले. त्यांचं म्हणणं होतं की या नियमाने गरीब, विशेषतः कृष्णवर्णीय मुलांचं विद्यापीठाचं एकमेव दार बंद होईल. ॲश उलट बाजूला उभा राहिला. अपेक्षा वर ठेवा, मुलं तिथवर पोहोचतील. त्यांच्याकडून कमी अपेक्षा ठेवणं हाच अपमान आहे, असं तो म्हणत राहिला. आपल्याच समाजातून त्याच्यावर टीका झाली.

मी या वादात ॲशच्या बाजूने झुकतो. पण थॉम्पसन यांचा मुद्दाही खरा होता: उंबरठा वर करणाऱ्याने आधी पायरी बांधायला हवी. ज्या शाळेत शिक्षक नाहीत, पुस्तकं नाहीत, तिथल्या मुलाला गुणांची अट घालून घरी पाठवणं म्हणजे शाळेची शिक्षा मुलाला देणं. ॲशला हे कळत नव्हतं असं नाही. १९८० नंतर न्यूअर्कसारख्या शहरांत त्याने जे टेनिस कार्यक्रम सुरू केले, त्यांत खेळाच्या जोडीला अभ्यासाची मदत होती.

रिचमंडमध्ये त्याचा पुतळा १९९६ मध्ये उभारला गेला. आजूबाजूला जमलेली मुलं, एका हातात पुस्तकं, दुसऱ्यात रॅकेट. पुस्तकं रॅकेटपेक्षा वर धरलेली आहेत. हा पुतळा ज्या रस्त्यावर आहे, तिथेच गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतींचे पुतळे होते. तिथे ॲश असावा की नसावा यावर गोऱ्यांत आणि कृष्णवर्णीयांतही मोठा वाद झाला होता. २०२० आणि २०२१ मध्ये सेनापतींचे पुतळे हटले. ॲशचा आहे.

महाराष्ट्रात बोलत असताना मला खाशाबा जाधवांची आठवण टाळता येत नाही. ॲश डॉ. जॉन्सन यांच्या घरी पहिल्यांदा राहायला गेला त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. जाण्यासाठी पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजार रुपयांसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या उत्पन्नातून लोकांचं देणं फेडलं. लिंचबर्गचे डॉक्टर आणि कोल्हापूरचे प्राचार्य यांना एकमेकांचं नावही ठाऊक नव्हतं. दोघांनी खेळाडूमागे आपलं घर उभं केलं. फरक पुढे पडला. खाशाबांनी देणं फेडलं, पण पुढच्या खाशाबासाठी पुन्हा कुणाला घर गहाण टाकावं लागू नये अशी व्यवस्था आपण समाज म्हणून उभी केली नाही. हे मी खेदाने म्हणतो आहे.

ॲशचं काम अमेरिकेपुरतं राहिलं नाही. तेव्हाच्या वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेने त्याला व्हिसा नाकारला होता. १९७३ मध्ये तो मिळाला आणि तिथली खुली स्पर्धा खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक खेळाडू ठरला. जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर त्याला खेळताना पाहणाऱ्यांत अलेक्झांड्रा वस्तीतला मार्क मथाबाने हा मुलगा होता. तो पुढे टेनिसच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकला आणि लेखक झाला. गोऱ्यांपुढे न वाकणारा, त्यांच्यासमोर सहज बोलणारा कृष्णवर्णीय माणूस आपण तेव्हा पहिल्यांदा पाहिला, असं त्याने लिहून ठेवलं आहे. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत टेनिस केंद्र उभं राहावं म्हणून ॲशने पैसा आणि वेळ दिला. पण त्याच सोवेटोत काही तरुणांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं: तू इथे येऊ नकोस, तुझ्या येण्याने हे सरकार सभ्य ठरतं.

काही वर्षांनी तो तिथल्या एका सामन्याची तिकिटं काही आफ्रिकन मुलांसाठी काढायला गेला, तर त्याला ‘फक्त आफ्रिकनांसाठी’ असलेल्या खिडकीवर जायला सांगितलं गेलं. १९७७ मध्ये त्याने जाहीरपणे भूमिका बदलली आणि तो दक्षिण आफ्रिकेवरच्या बहिष्काराच्या बाजूने उभा राहिला. १९८५ मध्ये वॉशिंग्टनला दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीबाहेर निदर्शनं करताना त्याला अटक झाली.

सेवाभावी कामाची मर्यादा मला इतकी स्पष्ट इतरत्र क्वचित दिसली आहे. चार टेनिस कोर्ट बांधून दिल्याने मताचा अधिकार मिळत नाही. अन्याय करणारं सरकार तसंच ठेवून त्याच्या आवारात मुलांना खेळायला जागा करून दिली, तर ती जागा सरकार कधीही काढून घेऊ शकतं. ॲशने कोर्टं बांधणं सोडलं नाही. त्याच्या जोडीला रस्त्यावर उतरणंही आलं, एवढंच. खेळाडूंनी राजकारणापासून दूर राहावं असं मानणाऱ्यांनी त्याच्या आयुष्यातली ही दहा-बारा वर्षं जरूर वाचावीत.

त्याचं शरीर त्याला फार साथ देणार नव्हतं. १९७९ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, त्याच वर्षी हृदयावर शस्त्रक्रिया झाली. १९८३ मध्ये दुसरी. त्या वेळी दिलेल्या रक्तातून एचआयव्हीची लागण झाली. १९८८ मध्ये निदान झालं. एका वृत्तपत्राला कुणकुण लागली म्हणून ८ एप्रिल १९९२ रोजी त्याला ते जाहीर करावं लागलं. मुलगी पाच वर्षांची होती. निवेदनात तिचा उल्लेख आला तेव्हा त्याला पुढे वाचवेना आणि पत्नी जीन हिने काही ओळी त्याच्या वतीने वाचल्या.

त्यानंतर त्याला जेमतेम दहा महिने मिळाले. त्यात त्याने एड्सविरोधी प्रतिष्ठान स्थापन केलं आणि अमेरिकन ओपनच्या आधी खेळाडूंना घेऊन निधी गोळा करणारे सामने भरवले. डिसेंबर १९९२ मध्ये ब्रुकलिनमध्ये शहरी आरोग्यासाठी संस्था सुरू केली. तिची रीत मला फार आवडते. गरीब वस्तीतला माणूस दवाखान्यात उशिरा जातो, पण केस कापायला नियमित जातो. म्हणून या संस्थेने केशकर्तनालयं आणि सौंदर्यालयं निवडली. तिथल्या कारागिरांना रक्तदाब, मधुमेह, कर्करोग, एचआयव्ही यांविषयी प्रशिक्षण दिलं. ज्याच्यापुढे माणूस विश्वासाने मान झुकवतो, त्याच्याच तोंडून आरोग्याची गोष्ट ऐकायला मिळू लागली. ॲश गेला ६ फेब्रुवारी १९९३ रोजी, ४९ व्या वर्षी. संस्था आजही काम करते आहे.

आणि मुलांचं काय झालं? हार्लेममधल्या मुलांच्या टेनिस कार्यक्रमात खेळायला लागलेला जेम्स ब्लेक २००६ मध्ये जगात चौथ्या क्रमांकावर गेला. २०२२ मध्ये फ्रान्सिस टियाफो अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचला. १९७२ मध्ये ॲशने तिथवर मजल मारली होती, त्यानंतर पन्नास वर्षांत तिथे पोहोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन पुरुष. सिएरा लिओनहून आलेले त्याचे वडील मेरीलँडमधल्या एका टेनिस केंद्रात देखभालीचं काम करायचे. त्यांना तिथली एक रिकामी खोली मिळाली होती आणि मुलं आठवड्यातले बरेच दिवस त्याच खोलीत झोपायची. मैदानात राहणाऱ्या रखवालदाराचा मुलगा पुन्हा एकदा. याचा मला आनंद होतो आणि काळजीही वाटते. इतक्या वर्षांनंतरही मूल मोठं होण्यासाठी त्याच्या बापाकडे किल्ली असावी लागते का?

ब्रूक फील्ड आज नाही. ते पाडून तिथे शहराचं मुख्य टपाल कार्यालय बांधलं गेलं.

आपल्या गावातली मैदानं तुम्ही माझ्याहून चांगली ओळखता. किती शाळांची मैदानं संध्याकाळी पाच वाजता कुलूपबंद होतात आणि सुट्टीभर तशीच राहतात, तेही तुम्ही पाहता. या व्याख्यानमालेच्या निधीतून दरवर्षी एका गुणवंत खेळाडूचा सत्कार होतो. तो व्हावा. त्याच्या जोडीला मला विश्वस्तांना एक सुचवायचं आहे. एका शाळेचं मैदान ठरवा. मुख्याध्यापकांशी बोलून संध्याकाळी दोन तास ते उघडं ठेवा आणि तिथे थांबणाऱ्या एका माणसाला दरमहा मानधन द्या. तो राष्ट्रीय पातळीवरचा प्रशिक्षक असण्याची गरज नाही. तो रोज यायला हवा, आणि कुठलं मूल चार दिवस आलं नाही हे त्याच्या लक्षात यायला हवं. शेजारच्या खोलीत पुस्तकांचं एक कपाट आणि बसायला सतरंजी एवढं असलं तरी चालेल. वर्षाच्या शेवटी पदकं मोजू नका. किती मुली आल्या, किती टिकल्या, दहावीनंतर कोण कुठे गेलं, ते याच सभागृहात वाचून दाखवा.

आणि पुढच्या वर्षी या व्यासपीठावर माझ्यासारख्या वक्त्याऐवजी या तालुक्यातला एखादा कबड्डीपटू बोलवा, जो जिल्ह्याच्या संघात खेळला, राज्याच्या निवड चाचणीला गेला आणि तिथून परत आला. त्याचं शिक्षण कुठे थांबलं, घर कशावर चालतं, त्याच्या संघातले बाकीचे आज काय करतात, हे त्याला विचारा. त्याच्या समोरच्या रांगेत मुलांना बसवा.